दोष एकट्या ‘ई.टी.’चा?

१९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्याचे खापर चाहते आजही अटारीच्या ‘ई.टी.’वर फोडतात; एकाने म्हटले म्हणून दुसरा म्हणतो. सुमारे पाच आठवड्यांत रचलेला तो खेळ सुमार होता, हे खरे. परंतु मूळ दोष निर्मात्यांच्या देखादेखीचा. ॲक्टिव्हिजनचे यश पाहून जो तो खेळ काढू लागला. न्याहारीचे ओट्स विकणारी क्वेकर कंपनीही त्यात उतरली! एकसारख्या खेळांनी दुकाने तुंबली, माल मातीमोल भावाने विकला गेला, चांगल्या खेळांनाही गिऱ्हाईक मिळेना. अटारीने त्याच वर्षी न्यू मेक्सिकोत पुरलेला माल २०१४ मध्ये उकरला गेला, तेव्हा ‘ई.टी.’बरोबर ‘सेंटिपीड’सारख्या लोकप्रिय खेळांची कार्ट्रिजही बाहेर आली.