क्रेनवर लिहिलेलं असतं

मी गोदीत हमाली करतो. क्रेनवर किती टन पेलायचं ते रंगवलेलं असतं. त्याहून जादा बोजा लावला की आम्ही हात वर करतो. काम बंद! मालाची एवढी काळजी.

ऑगस्ट 2017. नाशिकचं जिल्हा रुग्णालय. नवजात अतिदक्षता कक्षात एका महिन्यात 55 बाळं गेली. काचेच्या पेट्या अपुऱ्या. एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं. तिथं काम बंद कोण करणार? दारात आलेलं बाळ परत कसं धाडणार?

खुलासा आला : बाळं अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, उशिरा आणलेली.

उशिरा? सुरगाण्याहून नाशिक जवळपास 90 किलोमीटर. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण 30 खाटा. जीव अडकला की हातात चिठ्ठी : नाशिकला न्या. हा उशीर आईनं केलेला नाही, तो सरकारी नकाशातच आखलेलाय.

यावर मी कविता लिहिणार नाही, मागणी लिहितोय. तालुक्यालाच अतिदक्षतेची खाट, रात्रीचा डॉक्टर, शिकलेली नर्स, ऑक्सिजन. भीक नको. 1996 साली एका शेतमजुराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं बजावलंय : सरकारी दवाखान्यानं तातडीचे उपचार नाकारले तर कलम 21 मोडतं, पैसा नाही ही सबब चालणार नाही.

क्रेनला मर्यादा आहे. आपल्या सोसण्याला का नको?