कॅमेरा घरी ठेवा, बाईला सोबत न्या



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच बेत शिजतो: मुलांना घेऊन खोपोलीच्या थीम पार्कला जायचं. शिरूरची मंडळी शिक्रापूर, चाकण, तळेगाव करत निघतात. आम्ही दौंडकर यवत, उरुळीवरून पुणे ओलांडतो. दोन्हीकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. गाडी ठरते, तिकिटं ठरतात, डब्यात ठेपले न्यायचे की दशम्या तेही ठरतं. मग शेवटी कुणीतरी विचारतं, "व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा ना?" हल्ली त्याचं रूप बदललंय. नातवाला छातीवर बांधायचा छोटा कॅमेरा हवा असतो, मुलाला नवा फोन आणि तो धरायची दांडी. प्रश्न मात्र जुनाच आहे.

माझं उत्तर सरळ आहे. घेऊ नका.

कॅमेरा महाग आहे, हरवेल, भिजेल, ही कारणं पुरुषमंडळी देतात आणि ती खरीही आहेत. माझं कारण दुसरं आहे. कॅमेरा ज्याच्या हातात, त्याची सहल होत नाही. आणि आपल्या घरांत तो फिरून फिरून कुणाच्या हातात येतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

जरा नीट बघू. खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. तिथला 'नायट्रो' नावाचा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे, ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास धावतो आणि माणसाला पाच वेळा उलटं करतो. पायाखाली फळी नाही, पाय नुसते लोंबकळतात. अशा राइडवर मोकळ्या वस्तू घेऊन बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. हिशोब करून बघा: ४० मीटर उंचीवरून फोन सुटला तर जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. खाली कुणाचं तरी लेकरू उभं असतं. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांनी २०१५ साली सेल्फी स्टिकवर बंदी घातली, तीही सुरक्षिततेचं कारण देऊनच.

म्हणजे कॅमेरा वर जाऊ शकत नाही. आता कुणी म्हणेल, लॉकर असतात की! असतात. पण कॅमेरा लॉकरमध्ये ठेवायला आणलेला नसतो. "आम्ही खाली येताना आमचं शूटिंग कर," यासाठी तो आणलेला असतो. मग कठड्याजवळ एक बाई उभी राहते. एका खांद्याला पर्स, दुसऱ्या खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, ओढणीच्या गाठीत कुणाचा तरी चष्मा, पायाशी चार जोड चपला आणि हातात कॅमेरा. गाडी डोळ्यांसमोरून सुसाट निघून जाते तेव्हा ती पडद्यात बघत असते, आपलं पोरगं कोणत्या रांगेत बसलंय ते शोधत. मंडळी खाली येतात. पहिला प्रश्न काय? "आलं का शूटिंग?" तू बसणार का, असं तिला कुणी विचारलेलंच नसतं. "मम्मीला चक्कर येते," हे घरात इतक्या वेळा बोललं जातं की पुढे पुढे मम्मीलाही ते खरं वाटू लागतं.

ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा, मणक्याचा त्रास आहे त्यांनी वेगवान राइडमध्ये बसू नये. तिथल्या फलकावर तसं लिहिलेलं असतं आणि ते पाळायलाच हवं. पण थीम पार्क म्हणजे काही एकटा रोलर कोस्टर नव्हे. लहान मुलांसोबत बसायच्या, सावकाश फिरणाऱ्या कितीतरी राइड असतात. आपण त्यांतही बसत नाही, कारण आपण ड्यूटीवर असतो.

तुमच्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी आठवा. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. तेव्हा दौंडहून रेल्वेने मुंबई, तिथून बोरिवली आणि पुढे खाडीतून लाँच, असा तो प्रवास असे. ज्यांच्या नातलगांनी परदेशातून व्हिडिओ कॅमेरा आणला होता, ते तो तेव्हाही मिरवत नेत. पण तो कॅमेरा घरच्या पुरुषाच्या खांद्यावर असे, कारण तो मौल्यवान होता. पिशव्या आपल्याकडे असत. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, त्याची प्रतिष्ठा उतरली, आणि उतरल्याबरोबर तो पिशव्यांच्या सोबतीने आपल्याकडे आला. जुन्या कॅसेटीत आई निदान कडेला उभी दिसते, पिशव्या सांभाळताना. नव्या व्हिडिओत ती दिसतच नाही. नुसता आवाज येतो: "इकडे बघ रे, हात हलव, पडशील."

आणि त्या कॅसेटींचं पुढे काय झालं? व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी म्हणून जपानच्या फुनाईचं नाव घेत. तिनेही २०१६ च्या जुलैत ते काम थांबवलं. बुरशी धरलेल्या कॅसेटी आहेत, लावायला यंत्र नाही. फेकवत नाहीत आणि बघताही येत नाहीत.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नानंतर कचेरीत जाणं काही झालं नाही, पण खतावणी डोक्यात राहिली. त्या नजरेने आजच्या शूटिंगकडे बघू. चांगल्या फोनवर फोर-के दर्जाचं एक मिनिट साधारण १७० ते ३५० एमबी जागा खातं. गूगल फुकट देतं ती जागा १५ जीबी, तीही ईमेल, फोटो सगळं मिळून. म्हणजे पाऊण ते दीड तासाच्या शूटिंगमध्ये ती भरली. पुढे दरमहा भाडं भरा, नाहीतर नवी डिस्क आणा. शिवाय वेळेचा हिशोब वेगळा. घरातल्या सहा जणांनी तासतासभर शूटिंग केलं तर ते बघायला सहा तास हवेत. तुमच्याकडे बसून बघितलंय कुणी? जी वस्तू आपण वापरत नाही आणि जिच्यापायी महिन्याच्या महिन्याला पैसे जातात, तिला ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला कोण लिहील? मी तर ती देण्याच्या बाजूला लिहीन.

आता जरा नाजूक विषय. वॉटर पार्क. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे घट्ट कपडे घालावे लागतात. साडी किंवा सुती पंजाबी ड्रेस घालून घसरगुंडीवर जाऊ देत नाहीत. आपल्या सुना हे कपडे एरवी सासऱ्यांसमोर, दिरांसमोर घालत नाहीत. तरीही पाणी बघून त्यांचं मन होतं. मीच कितीदा पाहिलंय, सूनबाई कपडे बदलून येते आणि समोर कुणीतरी फोन धरून उभं असलेलं बघून टॉवेल गुंडाळून बाकावर जाऊन बसते. तिला भीती पाण्याची नसते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार, तिथून मामेसासूंच्या ग्रुपवर, आणि मग भिशीच्या दिवशी कुणीतरी तिरकस बोलणार, याची ती भीती असते. बघणाऱ्या चार माणसांपुढे ती सावरून घेऊ शकते. ग्रुपवरच्या ऐंशी जणांपुढे कशी सावरणार? एका कॅमेऱ्यामुळे तिच्या तिकिटाचे पैसे फुकट गेले आणि हौसही गेली. मागच्या बाकावरच्या परक्या बायका आणि त्यांची मुलंही त्याच व्हिडिओत येतात. त्यांना कुणी विचारलं होतं?

"पण आठवण राहायला नको का?" हा प्रश्न येणारच. त्यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू कमी आठवल्या. हा अभ्यास २०१४ साली छापून आला. उलट बाजूही सांगते, नाहीतर अर्धाच हिशोब दाखवल्यासारखं होईल. २०१७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आपल्या मनाने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त चांगलं आठवलं. ऐकलेलं मात्र कमी आठवलं. माझ्या मते आपल्या कामाचं यातच आहे. एक तर ती माणसं आपल्या मनाने फोटो काढत होती, आपल्याकडची बाई हुकमावर काढते. आणि दुसरं, सहलीत लक्षात ठेवण्यासारखं काय असतं? नातवाची किंकाळी, लेकीचं खिदळणं, गाडी वर चढताना नवऱ्याने हळूच म्हटलेलं "अगं, घट्ट धर." हे सगळं कानांनी साठवायचं असतं.

दुसरा आक्षेप मला खरोखर विचार करण्यासारखा वाटतो. घरी गुडघ्याने अडकलेल्या सासूबाई असतात, त्यांना काय दाखवायचं? त्यांच्यासाठी जरूर काहीतरी न्यावं. पण त्यांना तीन तासांचं शूटिंग नको असतं. त्यांना पाच मिनिटं हवी असतात, आणि त्याहून जास्त हवा असतो शेजारी बसून सगळं सांगणारा नातू. ज्याने दिवसभर डोळे उघडे ठेवले, त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. नाहीतर "हे बघ आजी, फोनमध्ये आहे," म्हणून फोन त्यांच्या हातात देऊन तो खेळायला पळतो.

तिसरा आक्षेप, "फोन तर सोबत असणारच, मग कॅमेरा नको म्हणण्यात काय अर्थ?" इथे आपल्याच घरातली एक जुनी सोय कामाला येते. साधू-साध्वीजी परिग्रह पूर्ण सोडतात. आपल्या श्रावक-श्राविकांच्या व्रताचं नावच परिग्रह परिमाण आहे. आपण सगळं सोडत नाही, आपण मर्यादा घालतो: इतकंच, यापुढे नाही. पर्युषणात आपण दिवसाला किती द्रव्यं खायची ते मोजून ठरवतो. मग एका दिवसाच्या शूटिंगची मर्यादा ठरवायला काय हरकत आहे? आणि ज्या आपण ४८ मिनिटांच्या सामायिकात इकडेतिकडे न बघता बसायचा सराव करतो, त्यांना एका जागी मन ठेवणं शिकवायला दुसऱ्या कुणाची गरज नाही.

माझी मर्यादा सांगते, पटली तर घ्या. वेगळा कॅमेरा न्यायचा नाही. सगळ्यांत मिळून एकच फोन शूटिंगसाठी, दिवसाला दहा मिनिटं. तो आळीपाळीने धरायचा, आणि पहिली पाळी घरातल्या सगळ्यांत धडधाकट पुरुषाची. वॉटर पार्कमध्ये फोन लॉकरमध्येच. कुणाचाही व्हिडिओ तिला दाखवून, विचारून मगच ग्रुपवर टाकायचा. चपला, चष्मे, पर्स लॉकरमध्ये. त्या भाड्याला नाक मुरडायचं नाही, कारण ते भाडं वाचवण्यासाठी आपण आजवर एका माणसाचं अख्खं तिकीट वाया घालवत आलोय. आणि शेवटचं, घरातल्या प्रत्येक बाईने तिला झेपेल अशा निदान एका राइडमध्ये बसायचं.

यातली शेवटची अट घरात मांडली की सगळे हसतील. हसू द्या. "तुला काय करायचंय या वयात?" असंही म्हणतील. त्यांना सांगा, तिकीट पूर्ण घेतलंय, अर्धं नाही.

मैत्रिणींनो, आपण सहलीच्या आदल्या रात्री अकरापर्यंत डबे भरतो आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो. येताना गाडीत सगळे झोपतात, तेव्हा ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून जाग्या राहणाऱ्याही आपणच. मधले सात-आठ तास तरी आपले असावेत, एवढंच माझं मागणं आहे. या दिवाळीत कुणी कठड्याजवळ तुमच्या हातात कॅमेरा द्यायला आलं, तर आपली पर्स त्याच्याच हातात द्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहा.