शाळा पाहिली, जमीन कोण पाहणार?

नोकरीनिमित्त अमेरिकेत जाणाऱ्या मराठी कुटुंबांची घर निवडण्याची पद्धत आता जवळपास ठरून गेली आहे. मुलांच्या शाळेचे मानांकन, कार्यालयाचे अंतर, भाडे आणि जवळचे भारतीय किराणा दुकान, एवढे जुळले की करारावर सही होते. हवा, पाणी आणि जमीन यांची चिंता मायदेशातच सोडून आल्याची भावना त्यामागे असते. मात्र, ही कुटुंबे मोठ्या संख्येने जेथे वस्ती करतात, त्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीचा इतिहास पाहता हा विश्वास तपासून घेण्याची गरज आहे.

स्वच्छ उद्योगाचा वारसा

चिमण्या आणि धूर नसलेला उद्योग म्हणून संगणक क्षेत्राचे कौतुक झाले. प्रत्यक्षात चिप धुण्यासाठी लागणारी रसायने कारखान्यांच्या आवारात, जमिनीखालच्या टाक्यांत साठवली जात. सॅन होजेच्या दक्षिण भागातील फेअरचाइल्ड कंपनीची अशी टाकी गळत असल्याचे १९८१ च्या अखेरीस आढळले आणि परिसरातील पिण्याच्या पाण्याची विहीर दूषित झाल्याचे उघड झाले. त्यानंतर एकामागून एक ठिकाणे सापडत गेली. सर्वाधिक दूषित जागांच्या स्वच्छतेसाठी १९८० मध्ये झालेला कायदा ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या यादीतील वीसहून अधिक जागा एकट्या सांता क्लारा काउंटीत आहेत. देशातील अन्य कोणत्याही काउंटीत इतक्या जागा नाहीत. राज्यांमध्ये हा मान शंभराहून अधिक जागा असलेल्या न्यू जर्सीकडे जातो.

माउंटन व्ह्यूसारख्या शहरात नळाचे पाणी मुख्यत्वे दूरच्या धरणातून येते. त्यामुळे तेथे प्रश्न नळाचा नसून जमिनीचा आहे. भूजलात मुरलेल्या ट्रायक्लोरोएथिलीनची वाफ मातीतून वर येऊन इमारतीच्या फरशीतील फटींवाटे खोल्यांत शिरू शकते. हे रसायन मानवात कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये काढला. गर्भवती स्त्रियांबाबत तर अल्पकाळाच्या संपर्काचीही काळजी घेतली जाते. यादीतील जागेजवळ राहणे म्हणजे आजार ओढवून घेणे, असा याचा अर्थ नाही. अनेक इमारतींत तपासणी झाली असून वाफ रोखण्याची व्यवस्थाही बसवली आहे. आपल्या इमारतीत ती झाली आहे का, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो.

तळघरातला वायू

न्यू जर्सीतील धोका अधिक जुना आणि नैसर्गिक आहे. खडकांतील युरेनियमच्या क्षयातून निर्माण होणारा रेडॉन हा रंग, वास नसलेला वायू घराच्या पायातून आत येतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात १९८४ मध्ये अणुवीज प्रकल्पातील एका कर्मचाऱ्यामुळे किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र वाजू लागले. शोध घेतल्यावर उगम प्रकल्पात नव्हे, तर त्याच्या घरात निघाला. तेथील खडकांचा पट्टा न्यू जर्सीच्या उत्तर भागातही पसरला आहे.

धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे हेच मोठे कारण असून, अमेरिकेत त्यामुळे दरवर्षी सुमारे २१ हजार मृत्यू होतात, असा पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. हवेत प्रतिलिटर चार पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक रेडॉन आढळल्यास उपाय करावा, असे ही संस्था सांगते. या वायूचे प्रमाण साधारणतः तळघरात सर्वाधिक असते. घरून काम करण्याचे टेबल किंवा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांची खोली तळघरातच असेल, तर ही बाब महत्त्वाची ठरते. चाचणी स्वस्त आहे आणि पाइप व पंखा बसवून वायू बाहेर काढता येतो.

भाडेकरूची बाजू कमकुवत

या साऱ्यात एक समान सूत्र दिसते. अमेरिकी व्यवस्था माहिती देण्यावर भर देते, संरक्षणाची हमी देतेच असे नाही. घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घराच्या मालकाने शिशाबाबत असलेली माहिती खरेदीदाराला आणि भाडेकरूला द्यावी, असा कायदा १९९२ मध्ये झाला. परंतु चाचणी करण्याची सक्ती या केंद्रीय कायद्यात नाही. ज्याने तपासलेच नाही, तो ‘माहीत नाही’ असे लिहून मोकळा होतो. शिशाची कोणतीही पातळी लहान मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदा करून बहुतांश जुन्या भाड्याच्या घरांची तपासणी बंधनकारक केली, ती यामुळेच.

घर विकत घेणारा तपासनीस नेमतो, भाव कमी करून घेतो किंवा सौदा मोडतो. नव्याने आलेला भाडेकरू मात्र घाईत असतो. एच-१बी व्हिसा नोकरीशी बांधलेला आणि ग्रीन कार्डची रांग लांबलचक. त्यामुळे ‘तात्पुरते’ म्हणून घेतलेल्या घरात मुलांची कोवळी वर्षे निघून जातात. त्यातच माहितीचे मार्गही कायम राहतील याची शाश्वती नाही. परिसरनिहाय प्रदूषण दाखवणारा ‘ईजेस्क्रीन’ हा सरकारी नकाशा २०१५ मध्ये जनतेसाठी खुला झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून हटवण्यात आला.

हवेबाबत तर पत्ता बदलूनही सुटका नाही. वणव्यांच्या धुराने ९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश नारिंगी केले, तर जून २०२३ मध्ये कॅनडातील धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीपर्यंत पोहोचला. तेथे घराच्या वायुवीजनातील गाळणी हाच काय तो आधार.

त्यामुळे करारापूर्वी काही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. घर कोणत्या वर्षी बांधले? रेडॉनची चाचणी कधी झाली? पाणी नगराचे की खासगी विहिरीचे? जमिनीवर पूर्वी काय होते? नगराच्या पाण्याचा गुणवत्ता अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. खासगी विहिरीला केंद्रीय मानके लागू नाहीत. न्यू जर्सीत मात्र घरमालकाने विहीर दर पाच वर्षांनी तपासून भाडेकरूला निकाल देणे आवश्यक आहे. नवागतांना शाळा आणि वाणसामानाची दुकाने सुचवण्याचे काम तेथील मराठी मंडळी आपुलकीने करतात. त्या सल्ल्यात या चार प्रश्नांची भर पडली, तर नव्या देशातील पहिला मोठा निर्णय अंधारात घ्यावा लागणार नाही.