निम्म्याचा हिशेब

वर्षाची जमा २४ लाखांच्या आत असेल आणि व्याज, घरभाडं असं दुसरं उत्पन्न नसेल, तर हे संपादकीय वाचलं नाही तरी चालेल. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली निम्मी जमा, म्हणजे १२ लाख, हे उत्पन्न दाखवायचं. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी तेवढ्यावर करसवलत मिळून कर शून्य. हिशेबाच्या वह्यांची सक्ती नाही, ऑडिट नाही. खुशाल रिटर्न भरा आणि पेशंट बघायला लागा.

अडचण त्या मर्यादेपुढच्या दंतवैद्यांची आहे, आणि आपल्या देवनार-गोवंडी-चेंबूरच्या पट्ट्यात अशांची संख्या कमी नसावी. ‘डॉक्टर, निम्मं दाखवून मोकळे व्हा’ हा सल्ला त्यांनाही सर्रास मिळतो. बहुतेक जण तो मानतात, कारण रिटर्नच्या मुदतीच्या आदल्या आठवड्यात कोणालाच वाद घालायचा नसतो.

२०१६ च्या अर्थसंकल्पाने हे कलम आणलं तेव्हा वकील, सीए, वास्तुविशारद, डॉक्टर असे सगळे एकाच रांगेत बसवले. वकिलाला ऑफिसचं भाडं, ज्युनियर आणि पुस्तकं एवढा खर्च काढून निम्मी फी सहज उरते. दंतवैद्याचं तसं नाही. त्याचा दवाखाना अर्धा कारखानाच असतो.

आकडेच मांडू. समजा, गोवंडी स्टेशनकडून देवनार डेपोकडे येताना एका गाळ्यात दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे आणि वर्षाची जमा ४० लाख. भाडं महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५.४ लाख. कॅप, ब्रिज, कवळ्यांची लॅबची बिलं ६.२ लाख. कंपोझिट, फाइल्स, इंजेक्शनं, हातमोजे धरून मटेरियल ४.४ लाख. येऊनजाऊन काम करणाऱ्या एंडोडॉन्टिस्ट, ऑर्थोडॉन्टिस्ट यांना ५ लाख. असिस्टंट आणि रिसेप्शनिस्ट यांचे पगार ३.६ लाख. वीज, कर्जाचं व्याज, खुर्ची-कॉम्प्रेसरचा घसारा आणि बायोमेडिकल कचऱ्याचं शुल्क मिळून १.४ लाख. (मुंबईभरच्या दवाखान्यांचा तो कचरा वर्षानुवर्षं आपल्याच देवनार-गोवंडीत येऊन जळत आला. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो प्रकल्प खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. शुल्काची पावती मात्र आपणही इतरांसारखीच फाईलला लावायची.)

एकूण खर्च २६ लाख, हाती उरले १४ लाख. ४४एडीए म्हणतं, २० लाख उरले. नव्या प्रणालीत २० लाखांवर उपकरासह कर २,०८,००० रुपये आणि १४ लाखांवर ९३,६००. फरक १,१४,४०० रुपयांचा, तोही दरवर्षी. खरा नफा दाखवायचा तर वह्या ठेवाव्या लागतील आणि निम्म्याहून कमी दाखवल्यामुळे ऑडिटही करावं लागेल. त्याची फी या फरकातून वजा करून काय उरतं, हे सीएला सरळ विचारा. लॅबचं काम कमी, इम्प्लांट नाहीत, गाळा स्वतःचा, अशांना निम्म्याचा सौदा अजूनही परवडेल. आणखी एक गोष्ट सीए मंडळीसुद्धा कधी कधी विसरतात. व्यापाऱ्यांच्या ४४एडीला पाच वर्षांची अट आहे, ४४एडीएला ती नाही. एका वर्षी निम्मं, पुढच्या वर्षी वह्या, असं करायला कायद्याची आडकाठी नाही.

या हिशेबात मला सर्वांत जास्त खटकतात ते कन्सल्टंटचे ५ लाख. पेशंट दवाखान्याला रूट कॅनालचे ८,००० देतो, त्यातले ३,००० एंडोडॉन्टिस्टला जातात. पण पावती दवाखान्याच्या नावाची असल्याने जमा पूर्ण ८,००० ची होते आणि ४४एडीएखाली उत्पन्न ४,००० धरलं जातं. नुसत्या हातावरून गेलेल्या पैशाच्याही निम्म्यावर आपण कर भरतो. कन्सल्टंटने पेशंटला स्वतःची पावती दिली आणि फी थेट घेतली, तर ती रक्कम आपल्या जमेत येतच नाही. मात्र ही व्यवस्था खरीखुरी हवी, वर्षाअखेरीला कागदावर रंगवलेली नको.

जमा ५० लाखांच्या वर गेली तर ४४एडीएची मर्यादा ७५ लाखांपर्यंत ताणता येते, पण रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत हवी. ६० लाखांवर ते होतात ३ लाख. महिन्याला २५ हजार, आणि २६ दिवस दवाखाना चालला तर दिवसाला हजार रुपयेसुद्धा नाहीत. शिवाजीनगर-बैंगनवाडीकडून येणारे आजी-आजोबा दात काढून घेतात आणि नोटा मोजून देतात. काउंटरवर यूपीआयचा क्यूआर चिकटवून त्यांची सवय बदलत नाही. अशा दोन-तीन पेशंटांत दिवसाचा कोटा संपतो. शिवाय मागच्या वर्षीची जमा ५० लाखांवर गेली असेल, तर ऑडिट टळलं तरी कन्सल्टंटच्या फीवर टीडीएस कापण्याची जबाबदारी येते. वर्षाला एकाला ५० हजारांहून अधिक फी दिली की १० टक्के.

जीएसटीबद्दल ‘डॉक्टरांना लागू नाही’ हे वाक्य आपण फार सैल वापरतो. सूट आहे ती उपचाराला. निरोगी दात केवळ शोभेसाठी पांढरे करणं त्या व्याख्येत बसवणं कठीण. वरच्याच दवाखान्याने वर्षात ६० हजारांचं ब्लीचिंग केलं असं धरू. नोंदणीसाठीच्या २० लाखांत करमुक्त जमाही मोजली जाते, म्हणजे नोंदणी आली. ६० हजारांवर १८ टक्के म्हणजे १०,८०० रुपये. तेवढ्यावर भागलं असतं तर हरकत नव्हती. पण एकदा नोंदणी झाली की नोंदणी नसलेल्या मालकाला दिलेल्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा, गाळा असो की फ्लॅट. ५.४ लाखांवर ९७,२००. बाकीचं सगळं काम करमुक्त, त्यामुळे त्याची वजावटही जवळजवळ मिळत नाही. ६० हजारांच्या कामासाठी लाखाच्या वर भुर्दंड! ब्लीचिंगचा बोर्ड लावण्याआधी हा हिशेब करा.

वह्यांचा रस्ता घेणाऱ्यांसाठी आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत नियम ६एफने रोजचं केस रजिस्टर घालून दिलं आहे, फॉर्म ३सी. तारीख, अनुक्रमांक, पेशंटचं नाव, कामाचं स्वरूप, मिळालेली फी आणि फी मिळाल्याची तारीख. शेवटच्या रकान्यावरच आपलं घोडं अडतं. खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल आणि कॅप मिळून १४,००० ठरले. ५,००० पहिल्या सिटिंगला, ५,००० माप घेताना, ४,००० एप्रिलमध्ये कॅप बसवताना. केस पेपरवर सलग एक काम दिसतं, पैसे मात्र दोन वर्षांत पडतात. रोख पद्धतीने वह्या ठेवत असाल तर ते ४,००० पुढच्या वर्षाचे, आणि लॅबचं बिल एप्रिलमध्ये चुकतं केलं तर तेही पुढचंच. आपल्याकडे नोकरदार पेशंट पुष्कळ. ते कंपनीकडून पैसे परत मिळवायला बिल मागतात आणि कधी ‘तारीख जरा मागची घाला’ म्हणतात. ती घालू नका. ते बिल त्यांच्या ऑफिसात जाऊन पडतं आणि आपलं रजिस्टर वेगळंच बोलतं.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू. ४४एडीएचा मजकूर कलम ५८ मध्ये गेलाय आणि आकारणी वर्षाऐवजी ‘करवर्ष’ आलंय. निम्म्याचं तत्त्व तेच आहे. वह्यांच्या रस्त्यावर असाल, तर ३१ मार्चला दवाखाना बंद करण्याआधी असिस्टंटला सोबत घेऊन इम्प्लांट, कंपोझिटच्या सिरिंज आणि औषधं मोजा, किमतीसह यादी करा आणि दोघांनी सह्या करून ती रजिस्टरला लावा. वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा साठा नियम मागतोच, आणि २ एप्रिलला तो आठवून लिहिता येत नाही.