सरकीची मालकी कोणाची?

अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहागीर नावाचे गाव आहे. १० जून २०१९ रोजी तेथे शेतकरी जमले आणि सरकारची मान्यता नसलेले तणनाशकसहिष्णू बीटी कापसाचे बियाणे त्यांनी सर्वांसमक्ष जमिनीत टोबले. शेतकरी संघटनेने पुकारलेल्या या कायदेभंगाची घोषणा होती 'तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य'. घोषणा आकर्षक आहे. स्वातंत्र्य या शब्दाला कोण विरोध करील? परंतु समाजवादी कार्यकर्त्याने अशा वेळी एक प्रश्न विचारावयास हवा. हे स्वातंत्र्य बियाणे असण्याचे आहे, की केवळ ते विकत घेण्याचे?

या विषयावर आपल्याकडे दोन सोप्या भूमिका प्रचलित आहेत. जनुकीय बियाणे म्हणजे विष, ते वेशीबाहेरच ठेवा, ही एक; आणि विज्ञान म्हणजे प्रगती, तिच्या आड येतो तो प्रतिगामी, ही दुसरी. दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसतात; पण मालकीचा प्रश्न टाळण्याच्या बाबतीत त्यांचे संपूर्ण एकमत आहे. जनुक चांगले की वाईट, हा वाद दोन्ही पक्ष हिरिरीने घालतात. ते कोणत्या वाणात घातले, कोणाच्या लाभासाठी घातले आणि कोणाच्या अडचणीवर उपाय म्हणून घातले, हे मात्र कोणीच विचारीत नाही. वऱ्हाडचा गेल्या दोन तपांचा अनुभव सांगतो की खरा प्रश्न तोच आहे.

मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घातले की त्या झाडात अळीला मारक असे प्रथिन तयार होते. ही विद्या खोटी नाही. मार्च २००२ मध्ये महिको-मोन्सँटोच्या बीटी कापसास भारतात परवानगी मिळाली आणि पुढील काही वर्षे हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे. वऱ्हाडातील आत्महत्यांचे सत्रही बीटीच्या आधीच सुरू झाले होते; त्याचे सारे खापर एका जनुकावर फोडणे म्हणजे कर्ज, कोरडवाहू शेती आणि पडते भाव या खऱ्या कारणांना मोकळे सोडणे होय.

खरी चलाखी जनुकात नव्हती. ती वाणाच्या निवडीत होती. कापूस पिकविणाऱ्या अमेरिका, ब्राझील यांसारख्या देशांत बीटी जनुक सरळ वाणांत आले. भारतात खाजगी कंपन्यांनी ते संकरित वाणांतच आणले. सरळ वाणाची सरकी शेतकरी पुढील वर्षी पुन्हा पेरू शकतो. संकरित वाणाची पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी दुकानाची पायरी चढावीच लागते. याचा अर्थ उघड आहे. पेटंटच्या कायद्याने जे कुलूप लागले नसते, ते संकराने लावले. बोलगार्डच्या पहिल्या जनुकाला तर भारतात पेटंटही नव्हते! तरीही सुरुवातीच्या वर्षांत सोळाशे रुपयांहून अधिक किमतीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे १,२५० रुपये तंत्रज्ञान-शुल्काचे होते. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा पाकीट ७५० रुपयांवर आले. पुढे केंद्राने दर बांधले, २०१६ मध्ये शुल्क ४९ रुपयांवर आणले आणि २०२० मध्ये ते शून्य केले. जे शुल्क एका सरकारी आदेशाने शून्य होऊ शकते, ते तोवर कशाच्या बळावर वसूल होत होते? नफ्याच्या, आणि सरकारांच्या मौनाच्या.

या निवडीची किंमत केवळ पैशात मोजून भागत नाही. महाग संकरित सरकी शेतकरी विरळ टोबतो आणि विरळ झाडांकडून अधिक बोंडे मिळावीत म्हणून पीक दीर्घ मुदतीचे होते. वऱ्हाडचा कापूस बहुतांश कोरडवाहू. दिवाळीनंतर जमिनीतील ओल सरते आणि नेमकी तेव्हाच बोंडे भरावयाची असतात. दुसरा दोष अधिक खोल आहे. संकरित झाडाला जनुक एकाच जनकाकडून आलेले असते. त्यामुळे त्याच्या बोंडातील चारांपैकी सुमारे एका सरकीत ते नसते. सरकीवर जगणारी शेंदरी बोंडअळी अशा बोंडात काही विष खाते, काही टाळते. आणि विषाला सरावण्यासाठी कोणत्याही किडीला याहून चांगली शाळा कोठे मिळणार? सरळ वाणात प्रत्येक सरकीत जनुक असते. तेथे ही पळवाट नाही.

व्हावयाचे तेच झाले. पहिले जनुक शेंदरी अळीसमोर निष्प्रभ ठरल्याचे गुजरातमधून कळले आणि कंपनीने २०१० मध्ये ते मान्य केले. दोन जनुकांचे बोलगार्ड-२ ही त्यानंतर काही वर्षांतच हरले. २०१७ साली वऱ्हाडातील बोंडे उकलली, ती किडकी निघाली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले. फवारणी कमी करण्याच्या वचनावर विकलेल्या बियाण्याच्या पंधराव्या वर्षाची ही कमाई! त्यावर अधिकृत उत्तर असे की शेतकऱ्याने आश्रयासाठीचे बिगर-बीटी बियाणे पेरले नाही आणि फरदड घेतली. कर्जाने दबलेला माणूस उभ्या पऱ्हाटीतून आणखी क्विंटलभर कापूस निघेल म्हणून ती उपटत नाही, हा त्याचा अपराध. आणि लांब मुदतीचाच वाण त्याच्या गळ्यात मारणारे मात्र निर्दोष!

आता त्याच रोगावर तणनाशकसहिष्णू बियाण्याचा उतारा सुचविला जात आहे. अधिकृत परवानगीसाठी केलेला अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला. बियाणे मात्र चोरवाटेने गावोगाव पोहोचले. वऱ्हाडात त्याला 'चोरबीटी' म्हणतात. ते विनापावती येते. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करावयाची? ज्याला नाव नाही, पत्ता नाही, अशा व्यापाऱ्याकडून घेतलेल्या सरकीला स्वातंत्र्य म्हणणे ही शब्दाची विटंबना आहे. तथापि शेतकरी तिकडे का वळतो, हेही समजून घेतले पाहिजे. पाऊस लागून राहिला की डवरणी होत नाही, निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. त्याची अडचण खरी आहे. पण बांधावर दुसरेही एक माणूस उभे आहे. निंदणाच्या मजुरीवर चूल पेटविणारी भूमिहीन स्त्री तंत्रज्ञान-स्वातंत्र्याच्या कोणत्याही सभेत व्यासपीठावर दिसत नाही. तिची मजुरी तणनाशकाने संपली, तर पर्यायी रोजगार कोण देणार, याचे उत्तर दिल्याखेरीज हा निर्णय कंपनी आणि बागायतदार यांनी परस्पर उरकता कामा नये.

कोणी म्हणेल, मग सार्वजनिक संशोधन काय करीत होते? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सुखद नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी जनुक आणून २००९ मध्ये ते शेतकऱ्यांना दिले. बियाणे स्वस्त होते, पुन्हा पेरता येणारे होते. परंतु त्यात मोन्सँटोचेच जनुक आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. ही नामुष्की होती. मात्र तिच्यातून काढलेला निष्कर्ष त्याहून घातक ठरला. दोष सुधारून पुन्हा उभे राहण्याऐवजी मैदानच वर्षानुवर्षे खाजगी कंपन्यांना मोकळे राहिले. पुढे अकोल्याच्या विद्यापीठाच्या 'रजत' या सरळ वाणाचेही बीटी रूप नागपूरने तयार केले. पण तोवर अळीने त्या जनुकावर मात केली होती. योग्य औषध रोगी दगावल्यावर आणणाऱ्या वैद्यासारखी ही गत आहे.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ कोणाच्या कृपेने मिळालेले नाही. ते विदर्भात, अकोल्यास व्हावे म्हणून १९६७ साली आंदोलन झाले, गोळीबारात माणसे मेली, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. देशाचे कृषिमंत्री राहिलेले अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याला आहे. त्याच अकोल्यात १९७६ पासून 'महाबीज' आहे आणि तिचे भागधारक शेतकरीही आहेत. विद्यापीठ आपले, बियाणे महामंडळ आपले, शेतकरी आपला. मग वऱ्हाडने कोणते पीक सुधारावे, हे परक्या कंपनीच्या ताळेबंदाने का ठरावे?

वऱ्हाडचे प्रश्न कोणते, हे पहा. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. शेकडो गावांतील विहिरींचे पाणी खारे आणि जमीन चोपण. तेथे तग धरणारी तूर, ज्वारी, हरभरा हवा. वरूड-मोर्शीच्या संत्र्याला डिंक्याने घेरले आहे. त्याला दाद न देणारा खुंट हवा. पावसाचा महिनाभराचा खंड सोसणारा, लवकर वेचणीला येणारा कापूस हवा. या संशोधनात कंपन्यांना रस नाही, कारण खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू शेतकरी हा मोठा गिऱ्हाईक नव्हे आणि तुरीची घरची सरकीसारखीच पुन्हा पेरता येणारी बीजे दरवर्षी विकता येत नाहीत. बाजाराला गरज दिसत नाही. त्याला क्रयशक्ती दिसते.

आणि हे सार्वजनिक क्षेत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे असेही नाही. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतील 'पुसा डीएसटी राईस १' हा दुष्काळ आणि क्षार सहन करण्याच्या गुणासाठीच घडविलेला आहे. त्याच्या चाचण्या उघड व्हाव्यात, त्यात वापरलेल्या तंत्रावरील परक्या पेटंटांची अट शेतकऱ्यावर येऊ नये, ही मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु भाताला जे जमते ते खारपाणपट्ट्यातील तुरीला का नको, हेही विचारले पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी संशोधनातून येणारे प्रत्येक जनुक प्रथम सरळ वाणात यावे. अकोल्याच्या विद्यापीठात खारपाणपट्टा, कोरडवाहू कापूस आणि संत्र्याचे रोग यांसाठी पुरेसा पैसा आणि भरलेली पदे असावीत. महाबीजने कंपन्यांची नक्कल न करता पुन्हा पेरता येणारे बियाणे गावोगाव पोहोचवावे. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि बिननाममुद्रेने विकण्याचा हक्क दिला आहे. तो ग्रामसभेत वाचून दाखविला जावा. आणि मजुरीवर परिणाम करणाऱ्या कोणत्याही वाणास मान्यता देण्यापूर्वी शेतमजुरांचे म्हणणे ऐकले जावे.

विज्ञानाला विरोध हे आपले काम नाही, आणि विज्ञानाच्या नावाने चाललेल्या व्यापाराला आरती ओवाळणे हेही नाही. येत्या खरिपापूर्वी अमरावती-अकोल्यातील प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यात किती सरळ वाणांचे बियाणे उपलब्ध आहे याची चौकशी करावी आणि नसेल तर कृषी कार्यालयाच्या दारात जाऊन बसावे. शेत कसणाऱ्याचे, हे आपण मोठ्या लढ्यांनी म्हणावयास शिकलो. बीजही कसणाऱ्याचेच, हे म्हणण्याची वेळ आता आली आहे.