विळा, तलवार आणि अठरा वर्षांचा मुलगा



इस्रायल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा ठिबक येते. हातझेरीम नावाच्या गावाने सिमखा ब्लास या इंजिनिअरला हाताशी धरून १९६५ साली ठिबकच्या नळ्यांचा कारखाना काढला, आणि ती पद्धत फिरत फिरत आपल्या केळी-द्राक्षांच्या बागांपर्यंत पोचली. ठिबकवर बोलणे पुष्कळ झाले. आज नळी बाजूला ठेवू आणि त्या देशातल्या अठरा वर्षांच्या पोराकडे पाहू. कारण गावोगाव हिंडताना ओसरीवर एक तक्रार हमखास कानी येते: "साहेब, पोरगं बारावी झालं, मिसरूड फुटलं, पण जबाबदारी काही अंगाला लागत नाही." जबाबदारी अंगाला लागते कशी, हे तिथल्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. त्यात घेण्याजोगे काय आणि न घेण्याजोगे काय, हेही कळेल.

ज्यू घरात मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मिट्झवा नावाचा संस्कार होतो. आपल्या मुंजीसारखाच म्हणा ना. प्रार्थनामंदिरात सर्वांसमोर धर्मग्रंथ वाचायचा, की धर्माच्या हिशेबी मुलगा मोठा झाला. पण व्यवहाराच्या हिशेबी तो मोठा होतो अठराव्या वर्षी, लष्कराचा गणवेश अंगावर चढतो तेव्हा. शाळेत असतानाच पहिले बोलावणे येते, तपासणी होते, आणि शाळा संपली की साधारण तीन वर्षे सक्तीची नोकरी. मुलींनाही सक्ती आहे, फक्त मुदत कमी. शपथेच्या दिवशी मुलाच्या हाती दोन वस्तू देतात, एक बंदूक आणि एक धर्मग्रंथ. सगळेच जातात असे मात्र नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती अरब नागरिकांना सक्ती नाही, द्रुझ जमातीच्या पुरुषांना १९५६ पासून आहे. धर्मशाळांत शिकणाऱ्या कर्मठ ज्यू मुलांना १९४८ पासून सवलत मिळत आली. त्यावरून तिथे वर्षानुवर्षे भांडण चालले, आणि २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने या मुलांनाही भरती करा असा निकाल दिला.

आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढे आहे. १९४८ साली देश स्थापन झाला तोच लढाईत. त्या वेळी तरुणांच्या संघटनांतून मुलामुलींचे गट नवी शेतीची गावे वसवण्याची तयारी करीत होते. लष्करात गेलो तर आमची ताटातूट होईल, आम्हाला एकत्र ठेवा, अशी त्यांची मागणी होती. पंतप्रधान बेन-गुरियन यांनी ती मानली, आणि त्यातून 'नहाल' नावाची शाखा निघाली. नावाचा अर्थ लढाऊ पायोनियर तरुण असा काहीसा होतो. तिची खूण आहे विळा आणि तलवार. १९४९ च्या लष्करी सेवेच्या कायद्यात तर शिपायाने पहिल्या वर्षातला बराच काळ शेतीच्या कामात घालवावा असे कलमच होते. पुढे सैन्याला माणसे कमी पडू लागली, ते कलम मागे पडले, आणि शेतीची वाट नहालपुरती उरली.

नहालमधल्या अशा गटाला हिब्रूत 'गारीन' म्हणतात. गारीन म्हणजे बी, दाण्याचा गाभा. मला हा शब्द फार आवडतो. एकेकट्या पोराला त्यांनी बी म्हटले नाही, गटाला म्हटले. गट आधी कवायत आणि बंदूक शिके. मग त्याला सरहद्दीजवळ किंवा वाळवंटात एखाद्या उजाड ठिकाणी पाठवीत. तिथे दिवसा शेत आणि रात्री पहारा. रात्री दोन तास जागून आलेल्या पोराला पहाटे टरबुजे तोडायला जावेच लागे, कारण पिकलेले फळ कुणाची झोप होण्याची वाट पाहत नाही. जागा धरली, पाणी लागले, पिके उभी राहिली, म्हणजे ते ठाणे नागरी गाव म्हणून जाहीर होई. काही मुले तिथेच संसार थाटीत, बरीचशी शहराकडे परतत. सगळीच बिये रुजत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रुजलेले एक बी म्हणजे योतवाता. एलात बंदराच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, अरावा नावाच्या वाळवंटी दरीत, १९५१ साली नहालच्या पोरांनी हे ठाणे टाकले. १९५७ साली ते किबुत्झ, म्हणजे सामाईक मालकीचे गाव झाले. पाऊस किती, तर वर्षाला ३० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, जमीन आणि पाणी खारट. तिथे त्यांनी खजूर लावला, कारण खारट पाणी सोसणारे ते झाड आहे. खजुराची मादी झाडे आपोआप भरवशाने फळत नाहीत. नर झाडाचा मोहोर आणून उंच शेंड्यावर हाताने परागसिंचन करावे लागते. शहरातून आलेले, कधी रोपाला हात न लावलेले पोरगे तिथे शेंड्यावर चढून हे काम शिकले. पुढे गावाने गाई पाळल्या आणि दुधाचा कारखाना काढला. योतवाताचे चॉकलेटचे दूध आज त्या देशात घरोघरी माहीत आहे.

आता दुसरी बाजू. तीही सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती कौतुकाची गोष्ट होईल. नहालचे पहिले ठाणे १९५१ सालीच गाझा पट्टीच्या अगदी कडेला पडले. १९५३ साली त्याचे गाव झाले, नहाल ओझ. कुंपणापलीकडे होते १९४८ च्या लढाईत घरदार सुटलेले पॅलेस्टिनी निर्वासित, तेही बहुतेक शेतकरीच. २९ एप्रिल १९५६ रोजी या गावाच्या राखणीचा प्रमुख रोई रोटबर्ग शेतात मारला गेला. वय वर्षे एकवीस, मागे बायको आणि तान्हे मूल. त्या वेळचे सरसेनापती मोशे दायान, हे स्वतः शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, दुसऱ्या दिवशी त्याच्या मातीला आले. त्यांचे भाषण अजून तिथे आठवले जाते, कारण त्यांनी पलीकडच्यांना नुसते दोष दिले नाहीत. ज्या जमिनीवर त्यांचे वाडवडील राहिले ती आपण कसतो आहोत आणि ते हे छावणीतून पाहत आहेत, हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले. मात्र त्यावरचा उपाय म्हणून त्यांनी सांगितले ते तलवार हातातून न सोडण्याचेच. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने याच नहाल ओझवर आणि आसपासच्या गावांवर हल्ला केला, माणसे मारली, ओलीस नेली. मेलेल्यांत तिथल्या शेतांवर राबणारे थायलंडचे मजूरही होते. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये, तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे, पन्नास हजारांहून जास्त माणसे मेली. त्यात बायकामुले फार. अठराव्या वर्षी हाती दिलेल्या बंदुकीचा हिशेब असा दोन्ही बांधांवर मांडावा लागतो. बांधाचे भांडण तीन पिढ्या चालले की काय होते, ते आपल्याला कोर्टकचेऱ्यांवरून ठाऊक आहे. तिथे तर मध्ये कोर्टही नाही.

हे सगळे फार दूरचे वाटले असेल तर आणखी एक सांगतो. या गोष्टीतली काही पोरे मुळात आपल्या कोकणातली आहेत. अलिबाग, पेण, रोहा या भागात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली आडनावे, आणि मातृभाषा मराठी. शिपाईगिरीही त्यांना नवी नव्हती. कंपनी सरकारच्या फौजेतले अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला प्रार्थनामंदिर बांधले. मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. आपल्या नौदलातले बेंजामिन अब्राहम सॅमसन याच समाजातले, पुढे ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख होते.

१९४८ नंतर या समाजातली हजारो माणसे इस्रायलला गेली. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांची वस्ती झाली. तिथे त्यांचे ज्यूपणच पुरते आहे की नाही अशी शंका धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत काढली. त्यासाठी त्यांना धरणे धरावे लागले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. याच वर्षांत त्यांची पोरे बाकीच्यांबरोबर लष्करात खांद्याला खांदा लावून उभी होती. आजही अशा घरातला मुलगा भरती होतो किंवा सुखरूप परततो तेव्हा आई मालिदा करते. पोहे, ओले खोबरे, गोडवा, वेलदोडा आणि सोबत फळे. संदेष्टा एलियाहूच्या नावाने ते ताट मांडतात. पोहे भिजवणाऱ्या त्या आईच्या मनात काय चालत असेल, ते शिपायाच्या प्रत्येक मराठी आईला कळेल.

आज नहाल पहिल्यासारखी राहिली नाही. १९८२ साली तिच्या नावाने पायदळाची ब्रिगेड उभी राहिली आणि शेतीचा भाग हळूहळू आटला. किबुत्झही बदलले, मजूर बाहेरदेशातून येऊ लागले. खुणेवर विळा आहे, पण हातात क्वचितच.

मग आपण यातून काय घ्यायचे? बंदूक घ्यायची गरज नाही. ज्याला फौजेत जायचे तो मुलगा आनंदाने जाईल. बाकीच्यांसाठी घेण्यासारखा आहे तो गारीन, म्हणजे बी. तिथल्या पोरांना कुणी रोज उपदेश करीत नव्हते. त्यांच्यावर एक जागा सोपवली होती, सोबतीला बरोबरीची माणसे होती, आणि चुकले तर दुसऱ्याचे नुकसान होईल अशी कामे दिली होती. एवढ्यावर पोरगे मोठे होते.

तुमच्या घरी अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर या हंगामात एक करून पाहा. एक एकर, तेवढे नसेल तर दहा गुंठे, संपूर्ण त्याच्या ताब्यात द्या. पीक त्याने ठरवावे, बियाणे-खताचा खर्च त्याने वहीत लिहावा, पाण्याची पाळी त्याने धरावी, माल बाजारात त्याने न्यावा, पट्टी त्याच्या नावाने यावी. गावातली अशी पाच-सात मुले जमली तर फवारणीचा पंप आणि टेम्पोचे भाडे एकत्र करता येईल. त्यांना महिन्यातून एकदा एका वावरात बसू द्या, आणि आमच्या ग्रामसेवकाला, कृषी सहायकाला बोलवा. तुम्ही मात्र बांधावर उभे राहून सूचना देऊ नका. हे सर्वांत अवघड काम आहे, मला माहीत आहे.

वहीतले आकडे जमले नाहीत तर हंगामाच्या शेवटी वडिलांनी आणि मुलाने एकत्र बसून ते जमवावेत. आईनेही त्या बैठकीला बसावे, कारण घरचा खरा हिशेब तिच्याकडेच असतो.