सीमारेषेवरून : एक रकाना वाढवा

भात कापून झालं की जासईच्या बाजूला टेनिस क्रिकेटचे मांडव पडतात. शेतं उरलीत किती, हा प्रश्न वेगळा. बंदर आलं, कंटेनरची यार्डं आली, तरी खेळपट्टीपुरती जागा पोरं शोधतातच.

गेल्या रविवारी असाच एक सामना बघत होतो. शेवटच्या षटकात सात धावा हव्या होत्या. कर्णधाराने चेंडू दिला तो तोवर सीमारेषेवर उभ्या असलेल्या पोराला. त्याने चारच दिल्या. सामनावीर ठरला तीस धावा करणारा सलामीवीर. वहीत या पोरापुढे लिहिलं : १ षटक, ४ धावा, ० बळी.

बेसबॉलमध्ये शेवटी येऊन सामना राखायच्या या कामावर अख्खं आयुष्य निघतं. आघाडी निसटू नये म्हणून अगदी शेवटी येणारा राखीव पिचर, म्हणजे 'क्लोझर'. पण त्याची कमाईही कुठे धड दिसत नव्हती. शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन या क्रीडापत्रकाराने १९६० च्या सुमारास तिच्यासाठी 'सेव्ह' ही नोंद काढली, १९६९ पासून ती अधिकृत झाली. ढोबळ नियम असा : संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना यायचं, निदान एक डाव टाकायचा, आघाडी राखून सामना संपवायचा.

त्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा, ६५२, मारिआनो रिवेराचा. पनामातल्या पुएर्तो काइमितो या मच्छीमार गावचा, बाप बोटीवर. लहानपणी फाटक्या जाळ्यांचे गोळे चिकटपट्टीने बांधून चेंडू करायचा (आपल्या कोळीवाड्यांना हे नवलाचं वाटणार नाही). १९९५ ते २०१३ तो न्यूयॉर्क यांकीजकडे होता. हुकमी चेंडू एकच, कटर; येणार हे ठाऊक असूनही फलंदाजांची बॅट मोडायची. २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात मात्र २-१ ची आघाडी त्याच्याच हातून गेली. तरीही २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी मतदान करणाऱ्या एकाही पत्रकाराने त्याचं नाव गाळलं नाही. तोवर असं कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

आणि आपल्याकडे? १२ मे २०१९, हैदराबाद, आयपीएलचा अंतिम सामना. मुंबईच्या मलिंगाच्या आधीच्या षटकात २० धावा गेलेल्या. शेवटचं षटक तरीही त्यालाच. शेवटच्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्यांना दोन हव्या होत्या, त्यांच्याकडून खेळणारा आपल्या पालघरचा शार्दुल ठाकूर पायचीत, मुंबई एका धावेने विजयी. धावफलक सांगतो : ४ षटकं, ४९ धावा, १ बळी. वाचणाऱ्याला वाटेल, या बाबाने मार खाल्ला.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे. वहीत एक रकाना वाढवा. शेवटच्या षटकात दहा किंवा कमी धावा हव्या असताना जो सामना वाचवेल, त्याच्या नावापुढे एक खूण करा. 'सेव्ह' नको वाटलं तर 'राखण' म्हणा. पिकाची राखण काय असते ते आपल्याला माहीत आहे. हंगामाच्या शेवटी खुणा मोजा आणि बाइक-टीव्हीच्या बक्षिसांच्या गर्दीत एक साधा चषक त्यालाही द्या. पुढच्या रविवारी येईन तेव्हा वही मागून बघणार आहे.

– पंचक्रोशीकर